जुनी गाडी घेण्याआधी तिच्या पासिंगचा इतिहास वाचा: ब्रिटनच्या ‘एमओटी हिस्टरी’ सेवेचा माझा अनुभव

ब्रिटनमध्ये पन्नास-साठ वर्षांची गाडी घ्यायची असेल, तर सगळ्यात उपयोगी तपासणी फुकटात होते आणि घरबसल्या होते. सरकारच्या गव्ह.यूके या वेबसाइटवर ‘चेक एमओटी हिस्टरी’ नावाची सेवा आहे. गाडीचा नंबर टाकला की झालं. खातं उघडायचं नाही, पैसे भरायचे नाहीत, मालकाची परवानगीही लागत नाही. मी कॉव्हेंट्रीत राहते. ट्रायम्फ हेरल्ड घेताना मी ही सेवा अगदी पिळून वापरली. इथल्या आपल्या मंडळींत जुन्या गाड्यांचा नाद वाढतोय, पण बहुतेक जण या पानावरचा ‘पास’ एवढा शब्द बघतात आणि थेट गाडीचा रंग, क्रोम आणि इंजिनाचा आवाज यांच्याकडे वळतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एमओटी म्हणजे आपल्या भाषेत गाडीचं पासिंग. फरक एवढाच की इथे ते खासगी गाडीलाही दर वर्षी करावं लागतं. ही तपासणी 1960 मध्ये सुरू झाली, तेव्हा ती दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांनाच लागू होती. इतक्या गाड्या नापास झाल्या की पुढच्याच वर्षी ती मर्यादा सात वर्षांवर आणली गेली आणि 1967 मध्ये तीन वर्षांवर. आजही नवी गाडी तीन वर्षांची झाली की पहिलं एमओटी. सरकारमान्य गॅरेजमधला टेस्टर ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, दिवे, टायर, सीटबेल्ट, सायलेन्सर आणि पत्र्याचा गंज बघतो आणि निकाल लगेच संगणकावर चढवतो. मोटारीसाठी गॅरेज जास्तीत जास्त 54.85 पौंड घेऊ शकतं.

नोंदी संगणकावर जायला 2005 मध्ये सुरुवात झाली, त्यामुळे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या गाड्यांचा इतिहास या पानावर तिथपासूनच मिळतो. प्रत्येक टेस्टची तारीख, पास की नापास, त्या दिवशी मीटरवर असलेला आकडा, नापास झाली असेल तर कशामुळे, आणि पास झाली तरी टेस्टरने ‘यावर लक्ष ठेवा’ म्हणून काय लिहिलं, हे सगळं तारखेनुसार दिसतं. शेवटच्या प्रकाराला ॲडव्हायजरी म्हणतात. जुन्या गाडीच्या बाबतीत माझ्या लेखी पास-नापासपेक्षा याच ओळी मोलाच्या आहेत.

मी नोकरीने इंटर्नल ऑडिटर आहे. कागद वाचणं हेच काम, त्यामुळे सवयीनेच मी हे पान खालून वर वाचते. सगळ्यात जुनी नोंद आधी, मग एकेक वर्ष पुढे. पानावर ताजी टेस्ट सगळ्यात वर असते आणि तिथूनच वाचायला घेतलं तर फक्त आजची अवस्था कळते. दुखणं कधी सुरू झालं, किती वर्षं अंगावर काढलं आणि औषध कधी केलं, हे केसपेपरसारखं क्रमाने वाचलं तरच उमजतं.

हेरल्डच का, तर सांगलीच्या मामांकडे स्टँडर्ड हेरल्ड होती. मद्रासला बनायची ती. मामांची चार दारांची होती, इथल्या मूळ हेरल्डला दोनच दारं. ही गाडी 1959 ते 1971 या काळात कॉव्हेंट्रीत तयार झाली, मी राहते त्याच गावात. पुढचं अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं आणि चाकांपासून इंजिनापर्यंत सगळं हाताशी येतं. स्टिअरिंग इतकं वळतं की साधारण पंचवीस फुटांच्या वर्तुळात गाडी फिरते. मला दुसरी कुठली जुनी गाडी नकोच होती.

शेवटी दोन गाड्या नजरेत भरल्या. एक 1966 ची फिकट निळी हेरल्ड 1200, दुसरी 1969 ची पांढरी 13/60. निळीच्या जाहिरातीत ठळक लिहिलं होतं की ही गाडी एमओटीत एकदाही नापास झालेली नाही. फोटो तर असे की बघत राहावं. पांढरीच्या जाहिरातीत चार साधे फोटो आणि ‘फाइल उपलब्ध’ एवढंच.

निळीचा नंबर टाकला. जाहिरातीतलं वाक्य शब्दशः खरं होतं, सगळे निकाल पास. पण ॲडव्हायजरी वाचत वर आले तसं चित्र बदललं. आधी डाव्या बाजूच्या मागच्या आउटरिगरवर, म्हणजे बॉडी पेलणाऱ्या चासीच्या हातावर, वरवरचा गंज. तीनेक वर्षांनी त्याच जागी नुसता ‘गंज’, ‘वरवरचा’ हा शब्द गेलेला. पुढच्या टेस्टला उजव्या बाजूचाही उल्लेख. आणि त्यानंतर ओळ बदलली: गाडीच्या खालच्या भागावर अंडरसीलचा जाड थर आहे. गंजाचा उल्लेख तिथून पुढे कुठेच नाही.

अंडरसील म्हणजे गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला फासतात तो डांबरासारखा काळा लेप. चांगल्या, स्वच्छ पत्र्यावर लावला तर उत्तमच. पण एमओटीचा टेस्टर गाडीचा कुठलाही भाग खोलत नाही आणि लेप खरवडत बसत नाही. दिसतं ते बघतो, दाबून आणि ठोकून बघतो. जाड थर दिसला की तसं नोंदवून मोकळा होतो, कारण खाली काय आहे ते त्याला दिसलेलंच नसतं. आधी गंजाच्या दोन-तीन नोंदी, मग वेल्डिंगचा पत्ता नाही आणि एकदम अंडरसील, हा क्रम कुठल्याही जुन्या गाडीच्या पानावर दिसला तर गाडी लिफ्टवर चढवून बघितल्याशिवाय एक पौंडही देऊ नका.

हेरल्डसाठी हे आउटरिगर फार महत्त्वाचे. या गाडीला वेगळी चासी आहे आणि तिच्यावर बॉडी बोल्टने बसवलेली आहे. चासीपासून दोन्ही बाजूंना निघालेले हात म्हणजे आउटरिगर, त्यांच्यावर बॉडी टेकते. दाराखालची पट्टी, म्हणजे सिल, सडली तर हेरल्डमध्ये तेवढं घाबरायचं कारण नाही. ती बोल्टने लावलेली असते, गाडीचा भार तिच्यावर नसतो. याच घराण्यातल्या ट्रायम्फ स्पिटफायरमध्ये मात्र सिल भार घेतात, तिथे तीच नोंद गंभीर. म्हणजे पानावर ‘गंज’ लिहिलंय एवढ्याने भागत नाही, कुठल्या गाडीत कुठे हे कळायला हवं. आपण घेतोय त्या मॉडेलची चासी कागदावर समजून घ्यायला एक संध्याकाळ द्या, मग या नोंदी बोलायला लागतात.

निळीच्या पानावर आणखी एक गोष्ट होती. शेवटची टेस्ट 2018 च्या सुरुवातीची. त्यानंतर काही नाही.

जुनी गाडी घेणाऱ्याने इथे खरं थांबायला हवं. 20 मे 2018 पासून नियम बदलला. चाळीस वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल आणि गेल्या तीस वर्षांत तिच्या चासी, बॉडी, ॲक्सल किंवा इंजिनात तिचं मूळ रूप पालटेल असा मोठा बदल केला नसेल, तर तिला एमओटीतून सूट. त्याआधी 2012 पासून ही सूट फक्त 1960 पूर्वीच्या गाड्यांना होती. म्हणजे ज्या गाड्यांचा इतिहास बघायची सगळ्यात जास्त गरज, त्यांचाच इतिहास कायद्याने 2018 ला थांबू शकतो. पान रिकामं आहे म्हणून मालकाने काही चुकीचं केलं असं होत नाही, तो पूर्णपणे नियमात असतो. पण तितकीच वर्षं त्या गाडीच्या पोटाखाली कुणी तिऱ्हाइताने डोकावलेलं नाही, हेही तितकंच खरं. सूट टेस्टपुरती आहे, गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी तशीच राहते. धोकादायक अवस्थेतली गाडी रस्त्यावर सापडली तर 2,500 पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट, एमओटी लागू असो वा नसो.

तरीही मी निळी बघायला गेले. सोबत टॉर्च आणि छोटं लोहचुंबक. मागच्या चाकाच्या कमानीवर चुंबक धरलं तर ते घसरून खाली आलं, म्हणजे रंगाखाली पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. मालकांना नम्रपणे विचारलं, माझ्या खर्चाने एक एमओटी करून घेऊ या का? सूट असलेल्या गाडीचंही स्वखुशीने एमओटी करता येतं, कुठलंही गॅरेज करून देतं. ते म्हणाले, या गाडीला कायद्याने त्याची गरजच नाही. बरोबरच होतं त्यांचं. मी चहाबद्दल आभार मानले आणि परत आले.

पांढरीचं पान उघडलं तर 2011 मध्ये सरळ नापास. हँडब्रेक पुरेसा धरत नाही, पुढच्या ब्रेकचे रबरी होज चिरलेले, दोन्ही बाजूंचे पुढचे आउटरिगर जास्त गंजलेले. ही नोंद वाचून घरच्यांनी नाक मुरडलं, मला मात्र तिथेच गाडी आवडायला लागली. कारण नंतरचा पास सहा आठवड्यांनी होता. नापास आणि पास यांच्यात किती दिवस गेले हे जरूर बघा. बल्ब किंवा वायपरचं रबर असेल तर तासाभरात बदलून त्याच दिवशी पास दिसतो, त्यात वावगं काही नाही. पण चासीचं वेल्डिंग दुपारच्या सुट्टीत होत नसतं. सहा आठवडे गेले म्हणजे गाडी कुणीतरी खोलली होती. आणि मग फाइलमध्ये त्याच महिन्याचं वेल्डिंगचं बिल सापडलं, सोबत जुना सडलेला पत्रा कापून काढल्याचे फोटो. त्यानंतरच्या नोंदींत आउटरिगरचं नाव पुन्हा आलं नाही.

शिवाय 2018 नंतरही या मालकांनी टेस्ट चालू ठेवल्या होत्या. फक्त 2020 ची जागा रिकामी. त्याने बिचकू नका. कोरोनामुळे 30 मार्च 2020 पासून सरकारने एमओटीची मुदत सहा महिन्यांनी वाढवली होती, त्यामुळे त्या वर्षाचं वेळापत्रक कित्येक गाड्यांच्या पानावर विस्कटलेलं दिसतं.

2018 च्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदींची मोजदाद एकमेकांशी लावू नका. पूर्वी ‘नापास होण्याचं कारण’ आणि ‘ॲडव्हायजरी’ असे दोनच कप्पे होते. मे 2018 पासून दोषांचे डेंजरस, मेजर आणि मायनर असे तीन प्रकार झाले, ॲडव्हायजरी त्यापलीकडे वेगळी. पहिल्या दोघांना नापास, मायनरला पास. आणि पानावर सतत येणारे नियरसाइड आणि ऑफसाइड म्हणजे अनुक्रमे फुटपाथकडची डावी आणि ड्रायव्हरकडची उजवी बाजू.

मीटरचा आकडा हा दुसरा धागा. नव्या गाडीत लोक तो मीटर मागे फिरवलाय का हे बघायला वापरतात. जुन्या गाडीत प्रश्न वेगळा. हेरल्डच्या मीटरला पाचच आकडे, 99,999 नंतर पुन्हा शून्य. त्यामुळे ‘फक्त 43,000 मैल रनिंग’ हे 1,43,000 सुद्धा असू शकतं, पानावरून ते ठरत नाही. पण दोन टेस्टमधलं अंतर मात्र कळतं आणि मला तेच हवं होतं. निळी शेवटच्या काही वर्षांत दोन टेस्टच्या मध्ये जेमतेम गॅरेजला जाऊन आली असेल इतकीच चालली होती. पांढरी दर वर्षी हजारच्या आसपास मैल. कमी चाललेली गाडी चांगली असं आपण समजतो, पण उभ्या गाडीत ब्रेकचे सिलिंडर अडकतात, रबरी सील सुकतात, पेट्रोलच्या टाकीत गंज धरतो. मी चालती गाडी निवडली. आकडा एखाद्या ठिकाणी विचित्र वाटला, म्हणजे मधल्याच वर्षी एक शून्य जास्त असं काही, तर ती टायपिंगची चूकही असू शकते. गाडी आपली असेल तर 28 दिवसांच्या आत त्याच गॅरेजकडून दुरुस्त करून घेता येते, नंतर डीव्हीएसए या एमओटीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे पुरावा द्यावा लागतो.

टेस्ट कुठल्या गॅरेजमध्ये झाली हे पानावर आपोआप दिसत नाही. त्यासाठी व्ही-5-सी म्हणजे लॉगबुकवरचा 11 आकडी क्रमांक लागतो. विकणाऱ्याकडे गेल्यावर लॉगबुक बघायला मागा आणि तो क्रमांक तिथेच फोनवर टाका. पांढरीच्या बऱ्याचशा टेस्ट एकाच गॅरेजमध्ये झाल्या होत्या. मी तिथे फोन केला. फोनवरचे गृहस्थ गाडी ओळखत होते, मागच्या वर्षी पुढच्या चाकांची बेअरिंग बदलल्याचं न विचारता सांगितलं. याउलट एका गावात नापास आणि दोन दिवसांनी लांबच्या गावात पास असं दिसलं, तर मी विचारेन की असं का.

2005 च्या आधीचं काय? तिथे ही सेवा संपते आणि फाइल सुरू होते. जुन्या मालकांनी व्हीटी 20 हे पासचे कागद जपले असतील तर त्यावर त्या-त्या वर्षीचा मीटरचा आकडा असतो. पांढरीच्या फाइलमध्ये ऐंशीच्या दशकातले कागद होते, हाताने लिहिलेले, शिक्क्यासकट. ते तारखेने लावले तेव्हा मीटर नक्की किती वेळा शून्यावर आला ते कळलं. एकदाच. ऑडिटमध्ये हिशोब जुळल्यावर होतो तसाच आनंद झाला.

आता या सेवेच्या भरवशावर काय सोडू नये ते. एमओटीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची तब्येत तपासली जात नाही. 1 ऑगस्ट 1975 पूर्वीच्या गाडीचा धूरही नुसता डोळ्यांनी बघतात, यंत्राने मोजत नाहीत. त्यामुळे ‘पास’ गाडीचं इंजिन खिळखिळं असू शकतं. आणि प्रत्येक मॉडेलची एक खास दुखरी नस असते. हेरल्डमध्ये ती पुढच्या सस्पेन्शनमधला ट्रनियन. स्टिअरिंग वळलं की एक लोखंडी आटा पितळी तुकड्यात फिरतो. त्याला गिअर ऑइलसारखं दाट तेल द्यायचं असतं, पण अनेक जण सवयीने ग्रीस भरतात. ग्रीस आत आट्यांपर्यंत नीट पोचत नाही, पाणी शिरतं, आटे गंजतात आणि एक दिवस तो तुटून चाक आडवं पडतं. टेस्टर चाक हलवून ‘प्ले’, म्हणजे ढिलेपणा, बघतो, पण आतल्या गंजाची चिर त्याला बाहेरून दिसत नाही. म्हणून पांढरीच्या मालकांना मी एकच तांत्रिक प्रश्न विचारला, ट्रनियनला काय घालता? त्यांनी गॅरेजच्या फळीवरून तेलाची गन काढून दाखवली. त्यांचा हात कोपरापर्यंत काळा होता.

भारतातल्या मित्रांना हे सांगते तेव्हा ते हळहळतात. आपल्याकडे परिवहनच्या वेबसाइटवर गाडीच्या नंबरवरून नोंदणी, विमा, पीयूसी आणि फिटनेसची मुदत कळते, हेही कमी नाही. खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. केंद्राने 2021 मध्ये पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियमही काढले. पण आरटीओच्या इन्स्पेक्टरने दर खेपेला काय पाहिलं, कशावर बोट ठेवलं, ते पुढच्या खरेदीदाराला वाचायला मिळालं तर पुण्यात, कोल्हापुरात जुन्या फियाट आणि अँबेसेडर शोधणाऱ्यांचं काम केवढं सोपं होईल! आपल्याकडेही हे व्हावं असं मला मनापासून वाटतं.

पांढरी ठरवण्याआधी मी नवीन एमओटीची अट घातली. मालक लगेच हो म्हणाले, खर्च मी दिला. पास, सोबत दोन ॲडव्हायजरी: मागच्या सस्पेन्शनचं एक बुश झिजायला लागलेलं आणि इंजिनाखाली थोडी तेलगळती. त्या वयाच्या हेरल्डला इतकं असायचंच. त्या दोन ओळी दाखवून किमतीत थोडी घासाघीस झाली आणि व्यवहार ठरला. माझं मत विचाराल तर पाचपैकी पाच तारे, आणि जी एक उणीव आहे ती 2018 च्या सूटीमुळे आहे, सेवेमुळे नाही. जुन्या गाडीच्या मालकाने कायदा सांगत नसतानाही दर वर्षी किंवा वर्षाआड टेस्ट करून घेतली तर ती उणीवही राहत नाही.

एमओटी हिस्टरीसोबत डीव्हीएलएचं, म्हणजे गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, गाडीच्या माहितीचं पानही उघडा, तेही फुकट आहे. गाडीचा टॅक्स चालू आहे की ती रस्त्याबाहेर असल्याची नोंद आहे, इंजिन किती सीसीचं, शेवटचं लॉगबुक कधी निघालं, हे त्यात येतं. लॉगबुक दोन महिन्यांपूर्वीच निघालेलं आणि विकणारा म्हणतोय की वीस वर्षं माझ्याकडे आहे, तर शांतपणे कारण विचारा, पत्ता बदलला असला तरीही नवीन निघतं. गाडीवर कर्ज आहे का, चोरीची आहे का, विमा कंपनीने कधी भंगारात काढली होती का, यातलं काहीच या दोन्ही पानांवर नसतं. त्यासाठी पैसे भरून वेगळी तपासणी करावी लागते, ती पैसे देण्याच्या आदल्या दिवशी करा, आठवडाभर आधी नको.